कोरीव पार्टांचं फिनिशिंग: प्लेटिंग, काळी भरणी, कॅन्डी, ॲनोडायझिंग (एक पावसाळा वापरून)

शोसाठी माझी प्रीमियर पद्मिनी गाडी तयार करताना मिरर ब्रॅकेट, बोनेटवरची पितळी पट्टी, डॅशची रिंग असे थोडे पार्ट हुपरीकडच्या चांदीकाम करणाऱ्या एका कारागिराकडून कोरून घेतले, लॉस एंजेलिसच्या लोरायडर (म्हणजे बुटक्या करून सजवलेल्या) शेव्हरोले इम्पाला गाड्यांवर कोरीव क्रोम असतं ना तसंच, फक्त नक्षी आपली, वेलबुट्टी आणि मोर. आता ऊन-पाऊस सगळं खाऊन झालंय म्हणून लिहितोय.

आधीच क्रोम असलेल्या पार्टवर कोरू नका. क्रोमचा थर एक मायक्रॉनसुद्धा नसतो, खाली निकेल असतं, आणि छिन्नी हे सगळं फाडून लोखंडात जाते, की पहिल्याच पावसात रेघारेघांतून गंज. जुनं प्लेटिंग उतरवा, बफ करा (चाकावर घासून चकचकीत करा), मग कोरा, मग प्लेटिंग. कारागिराला जरा खोल मारायला सांगा कारण तांबं-निकेल चढताना बारीक रेघा बुजतात. आणि कोरल्यावर जोरात बफिंग अजिबात नको, माझ्या प्लेटिंगवाल्याने एवढं सांगूनही चाक लावलं आणि मोराच्या मानेवरची पिसं जवळजवळ गुळगुळीत करून दिली. चमक त्या धारदार कडेमुळेच असते हो, ती गेली की राहिलं काय!

सगळ्यात पैसा वसूल म्हणजे काळी भरणी. ऑइल इनॅमल जरा पातळ करून नक्षीत दाबून भरायचा, थोडा धरला की जाड पुठ्ठ्याला घट्ट सुती कापड गुंडाळून, टर्पेंटाइनचा नुसता ओलावा देऊन वरून पुसायचं, हाताने किंवा मऊ चिंधीने पुसलं तर रेघेतला रंगही बाहेर येतो. त्याआधी खाचेत अडकलेलं बफिंग कंपाऊंड ब्रश आणि डिग्रीजरने काढलंच पाहिजे, नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. माझी भरणी अजून जशीच्या तशी आहे.

कॅन्डी म्हणजे टू-के क्लिअरमध्ये (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक कोट) पारदर्शक रंग घालून मारलेले थर. पहिल्या दिवशी बघाल तर वेड लागेल, लाल रंगाखालून कोरीव पितळ हलत्या उजेडात नाचतं. पण डाय असलेला रंग उन्हात टिकत नाही, बोनेटवरच्या पट्टीचा लाल पार फिका पडलाय आणि त्याच डब्यातला डॅशच्या रिंगवरचा अजून गर्द आहे. चकचकीत धातूवर क्लिअर नीट धरत पण नाही, ॲढेजन प्रमोटर (पकड वाढवणारा थर) मारूनही पट्टीच्या कडेला टवके गेलेत. आणि पितळ ग्लोव्हज घालूनच हाताळा, क्लिअरखाली राहिलेला बोटाचा ठसा काही आठवड्यांनी काळा पडून वर दिसायला लागतो! हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं, साधा कापडी मास्क चालणार नाही.

ॲनोडायझिंग (विजेने धातूवरच ऑक्साइडचा थर वाढवून त्यात रंग भरणं) माझ्या पार्टांपैकी फक्त ॲल्युमिनियमच्याच पार्टांसाठी. 6061 या ॲल्युमिनियम मिश्रधातूतून लेथवर टर्न केलेल्या नॉबवर निळा एकदम झकास आला, ओतीव ब्रॅकेटवर मात्र राखाडी डाग, कारण ओतीव मालात सिलिकॉन खूप असतं.

बोनेटची पट्टी आता उतरवून सोनेरी प्लेटिंगला दिलीये. सोनं क्रोमवर थेट धरत नाही, त्यामुळे निकेलवरच थांब आणि त्यावर सोनं चढव असं प्लेटिंगवाल्याला आधीच सांगून ठेवलंय, बफ न मारण्याची तंबी वेगळी.