पेट साउंड्स : मोनोची एकच तबकडी की चार सीडींचा संच?

बीच बॉईज या अमेरिकन बँडचा हा अल्बम मे 1966 मध्ये आला तो मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकाच वाहिनीत. बँडचा कर्ताधर्ता ब्रायन विल्सनला उजव्या कानाने जवळजवळ ऐकूच येत नसे, त्यामुळे त्याने सगळं मोनोतच रचलं. 'गॉड ओन्ली नोज'मध्ये फ्रेंच हॉर्न, अकॉर्डियन, घुंगरांची छुमछुम असा सगळा ताफा एकजीव होऊन येतो. कुठलं वाद्य कुठे संपतं, ते कळत नाही, आणि गंमत तीच आहे.

1997 च्या 'पेट साउंड्स सेशन्स' या चार सीडींच्या संचात पहिल्यांदा खरं स्टिरिओ मिश्रण, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांत विभागलेला आवाज, मिळालं. आता वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात. पण 'वुडन्ट इट बी नाइस'च्या मधल्या कडव्यात बँडमधल्याच माइक लव्हचा मूळचा आवाज गायब, तिथे ब्रायनच गातो! कान लगेच टवकारतात.

संचातला खरा ऐवज मात्र वेगळाच : वाद्यांशिवायचे नुसते आवाज. पाच-सहा गळ्यांची ती वीण अशी उघडी ऐकली की स्टिरिओचा वाद किरकोळ वाटतो. संचात तालमींचे तुकडेही आहेत, ते मी एकदाच ऐकेन.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मोनोच घ्यावा. अल्बम पाठ असेल, तर संचावर खुशाल खिसा रिकामा करा.