पॉइंट रेजचं लाइटहाऊस: धुकं दिसलं म्हणून परत फिरू नका

आधी आमचा मूर्खपणा सांगून टाकते म्हणजे तुमचा एक दिवस वाचेल. आई-बाबा इकडे कॅलिफोर्नियात आले होते, त्यांना जरा मोकळा समुद्र दाखवू म्हणून एका बुधवारी सुट्टी टाकून सॅन फ्रान्सिस्कोवरून पॉइंट रेजला गेलो आणि पोचल्यावर कळलं की लाइटहाऊसच्या पायऱ्या फक्त शुक्रवार ते सोमवार उघड्या असतात. वेबसाइटवर ढळढळीत लिहिलंय, आम्हीच बघितलं नव्हतं. त्यात धुकं असं की दहा पावलांवरचा माणूस दिसेना. बाबा म्हणाले, "छान आहे, पांढरं आहे."

मग मार्चमधल्या एका शनिवारी परत गेलो, तेव्हाचा हा रिव्ह्यू.

तर हे नॅशनल सीशोअर, म्हणजे समुद्रकिनाऱ्याचं राष्ट्रीय उद्यानच आहे, १९६२ साली केनेडींच्या सहीने झालेलं, बघते नॅशनल पार्क सर्व्हिसच. एंट्री फी नाही, पार्किंगचेही पैसे नाहीत. पण नकाशावर जवळ वाटतं म्हणून फसू नका, बेअर व्हॅलीच्या मेन व्हिजिटर सेंटरपासून लाइटहाऊस अजून २१ मैल आहे आणि रस्ता वळणावळणाचा, जुन्या डेअऱ्यांच्या मधून जाणारा, त्यामुळे पाऊण तास धरूनच चाला. मागे बसणाऱ्यांना गाडी लागत असेल तर गोळी आधीच द्या.

पार्किंगपासून साधारण अर्धा मैल डांबरी रस्त्याने चालायचं, मग वरचं छोटं व्हिजिटर सेंटर आणि तिथून ३१३ पायऱ्या, खाली. हो, खाली. लाइटहाऊस म्हटलं की आपल्या डोक्यात डोंगराच्या टोकावरचा उंच मनोरा असतो, इथे उलटं आहे, कडा सहाशे फूट उंच आणि लाइटहाऊस त्याच्या जवळजवळ मध्यावर, तेही ठेंगणंच. आम्ही वर उभे होतो तेव्हा या वेळीही धुकंच होतं, नवरा म्हणाला पुन्हा वाया गेली चक्कर, पण पायऱ्या उघड्या होत्या म्हणून उतरायला लागलो आणि शंभरेक पायऱ्या उतरल्यावर एकदम डोक्यावर ढगाचं छत आणि खाली स्वच्छ हिरवट समुद्र, मध्ये लाल टोपीचं लाइटहाऊस! तेव्हा टाळक्यात उजेड पडला. इथलं धुकं बऱ्याचदा वरच्या अंगाला तरंगतं, दिवा टोकावर ठेवला असता तर तो ढगातच जळत बसला असता, म्हणून खडक फोडून तो खाली, धुक्याच्या पोटाखाली बसवलाय. हे मी कुठेतरी वाचलं असतं तर "अच्छा" म्हणून सोडून दिलं असतं, स्वतः ढगातून खाली उतरलं की बरोब्बर कळतं. त्यामुळे वर धुकं दिसलं म्हणून गाडी वळवू नका. पायऱ्या मात्र वारा ताशी ४० मैलांच्या वर गेला की बंद करतात, आणि इथे १३३ मैलांपर्यंत वारा नोंदवला गेलाय, तेव्हा टोपी नकोच, कानटोपी घ्या.

आत खरी बघायची गोष्ट म्हणजे भिंग. पहिल्या श्रेणीचं, म्हणजे मोठ्यातल्या मोठ्या मापाचं फ्रेनेल भिंग (काचेच्या तुकड्यांनी दिव्याचा उजेड एकवटून लांब फेकणारं), १८६७ साली फ्रान्समध्ये बनलेलं, जहाजाने दक्षिण अमेरिकेला वळसा घालून सॅन फ्रान्सिस्कोला आणलं, तिथून दुसऱ्या जहाजाने ड्रेक्स बीचपर्यंत आणि पुढे बैलगाड्यांतून कड्यावर चढवलं. काचेचे हजाराच्या वर तुकडे, २४ बाजू. १ डिसेंबर १८७० ला पहिल्यांदा पेटलं. घड्याळासारखं वजनावर चालणारं यंत्र ते फिरवायचं, दोन मिनिटांत एक फेरा, म्हणजे समुद्रावरून बघणाऱ्याला दर पाच सेकंदांनी एक झोत. आणि दर दोन तास वीस मिनिटांनी कुणीतरी ती चावी द्यायची, रात्रभर, रोज. एक मुख्य रखवालदार आणि तीन मदतनीस, सहा-सहा तासांच्या पाळ्या. धुकं, वारा, भोंग्याचा आवाज, आजूबाजूला चिटपाखरू नाही. १८८९ च्या नोंदवहीत दुसऱ्या मदतनीसाला वेड लागल्याने ओलेमा गावच्या कॉन्स्टेबलच्या ताब्यात दिल्याची नोंद आहे. बाबा नाइट शिफ्टमध्ये ३० वर्षं काढलेला माणूस, ते हे ऐकून बराच वेळ गप्प होते.

१९०६ च्या भूकंपाची गोष्ट तर मला फारच आवडली. पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी सगळं द्वीपकल्पच एका मिनिटाच्या आत १८ फूट उत्तरेला सरकलं, लाइटहाऊससकट, आणि नुकसान काय तर भिंग रुळावरून घसरलं. दिवा तसाही ५:२५ ला मालवायचाच होता. संध्याकाळपर्यंत दुरुस्ती करून पुन्हा लावला, म्हणजे एकूण खाडा १३ मिनिटांचा!

१९७५ पासून काम ऑटोमॅटिक दिव्याकडे गेलं आणि हे भिंग निवृत्त झालं. वरच्या भिंगाच्या खोलीत जायची वेळ वेगळी ठरलेली असते आणि हवेवर अवलंबून असते, त्या दिवशी ती उघडी नव्हती, आम्ही खालूनच मान वर करून बघितलं. माझा अर्धा स्टार तिथे गेला, दोष कुणाचाच नाही.

चढताना मध्ये थांबायला जागा आहेत, वापरा. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती वरच बसली होती, आम्हाला वाटलं बिचारी कंटाळली असेल, वर येऊन बघतो तर धुकं फाटलेलं आणि आईसाहेब शांतपणे सांगतायत की दोन देवमासे गेले, पाण्याच्या पिचकाऱ्या दिसल्या. मार्चच्या मध्यावर ग्रे व्हेल मेक्सिकोकडून अलास्काकडे परत जात असतात, जानेवारीत उलटे खाली येतात. आम्ही ३१३ पायऱ्या उतरून चढून एकही बघितला नाही.

नंतर चिमनी रॉकची वाट केली, जाऊन येऊन पावणेदोन मैल, फार चढ नाही, आईलाही जमली. दोन्ही बाजूंना समुद्र, वसंतात रानफुलं. कडे भुसभुशीत आहेत, सेल्फीसाठी काठावर जाऊ नका. जवळच एलिफंट सील बघायचा पॉइंट आहे, डिसेंबर ते मार्च ही त्यांची वेळ. नर म्हणजे दोन टनांचा ढेकर देणारा लोड. २०१९ च्या सुरुवातीला सरकारी शटडाऊनमध्ये (बजेट अडल्याने सरकारी कामं बंद होती) पार्कची माणसं नव्हती तेव्हा या मंडळींनी ड्रेक्स बीचचा पार्किंग लॉटच ताब्यात घेतला होता, ते बघून पटतं.

टोमालेस पॉइंटची साडेनऊ मैलांची वाट आणि तिथले टूल एल्क (मोठी हरणं) राहिले. एका दिवसात दोन्ही होत नाही, प्रयत्नही करू नका.

मोबाइलला रेंज नाही, नकाशा डाउनलोड करा. खाणं आणि गाडीचं पेट्रोल वाटेतल्या गावातच उरकून घ्या, पुढे काही मिळत नाही. थर्मासभर चहा न्या. बाबांनी पायऱ्या मोजल्या, उतरताना ३११ आणि चढताना ३१६ भरल्या, त्यावरून गाडीत घरापर्यंत वाद चालू होता.