ब्राह्मी कॅप्सूल, काही महिन्यांच्या वापरानंतर: '५०० मिग्रॅ' कशाचे?

पाचपैकी तीन तारे. ब्राह्मीबद्दल तक्रार नाही, लेबलबद्दल आहे. डबीवर ठळक '५०० मिग्रॅ ब्राह्मी' छापलंय, पण ते वाळलेल्या पाल्याचं चूर्ण की अर्क, याचा पत्ता नाही. कंपनीला विचारलं तर उत्तर एकच, 'शंभर टक्के शुद्ध'. चूर्णच असेल तर ठाण्यात जांभळी नाक्याला काष्ठौषधीच्या दुकानात ते सुटं मिळतं, मग कॅप्सूलचे पैसे कशाला द्यायचे?

हा फरक मोठा आहे. २००१ सालच्या ऑस्ट्रेलियातल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत रोज ३०० मिग्रॅ ब्राह्मीचा अर्क दिला होता. तो लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेला, निदान ५५ टक्के बॅकोसाइड (ब्राह्मीतले मुख्य क्रियाशील घटक) असलेला. म्हणजे दिवसाला साधारण १६५ मिग्रॅ बॅकोसाइड. साध्या चूर्णात त्याचं प्रमाण फारच कमी असतं. त्यातही टक्केवारी यूव्ही पद्धतीने (अतिनील प्रकाश किती शोषला जातो यावरून) मोजली तर आकडा फुगतो, एचपीएलसीने (घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने) मोजली तर तोच माल उतरलेला दिसतो. म्हणून लेबलवर पद्धतही हवी. शिवाय ब्राह्मीच्या नावाने मंडूकपर्णीही खपवली जाते. डबीवर 'बकोपा मोनिएरी' लिहिलेलं बघूनच घ्या, 'सेंटेला एशियाटिका' म्हणजे मंडूकपर्णी.

सुरुवातीला एकच तारा देणार होतो. मळमळ, पोटात मुरडा, शौचाला जास्त वेळा जाणं. उपाशीपोटी घेतल्यावर हे होतं, चाचण्यांतही हेच त्रास नोंदलेत. जेवणानंतर, तूपभात झाल्यावर घेतली की बहुतेक थांबतं.

आणि पहिल्या महिन्यात निकाल लावू नका. २००१ च्या त्या चाचणीत पाचव्या आठवड्यात फरक नव्हता, बाराव्यात दिसला. २००२ च्या अभ्यासात नवीन शिकलेलं विसरण्याचा वेग कमी झाला, शिकण्याचा वेग मात्र वाढला नाही. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलांना चारण्यात म्हणूनच अर्थ नाही.

मेंदूत ॲसिटिलकोलिन (स्मृतीशी संबंधित संदेशवाहक रसायन) तोडणारं एन्झाइम ब्राह्मी रोखते, हे मुख्यतः प्रयोगशाळेतलं आणि प्राण्यांवरचं निरीक्षण आहे. तरी डोनेपेझिल (हेच एन्झाइम रोखणारं स्मृतिभ्रंशाचं औषध) चालू असेल, नाडी मंद असेल किंवा थायरॉइडची गोळी असेल (उंदरांत थायरॉक्सिन वाढलेलं आढळलंय), तर आधी डॉक्टरांना डबी दाखवा. फिटच्या फेनिटॉइनबरोबर शंखपुष्पीचं सरबत तर अजिबात नको, रक्तातली औषधाची पातळी घसरते.