विजया तेल (सीबीडी): गुडघे जिथल्या तिथे, झोप जरा बरी

सीबीडी म्हणजे भांगेच्या झाडातला नशा न आणणारा घटक; त्याचं तेल मी गुडघेदुखी आणि झोपेसाठी घेऊन बघितलं. आधी निकाल सांगते, कारण निम्मे लोक तेवढंच वाचायला येतात. गुडघेदुखीत काडीचा फरक नाही. झोप सुधारली, पण ती तेलानेच सुधारली असं छातीठोकपणे सांगता येत नाही. नशा वगैरे काही होत नाही, त्यामुळे ‘आई भांग घेते’ हा घरातला विनोदही आता शिळा झालाय.

माझं वय साठीच्या अलीकडे. दोन्ही गुडघ्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांची झीज आहे, आणि पाळी गेल्यापासून रात्री अडीच-तीनला डोळे टक्क उघडतात. भारतात हे तेल ‘विजया’ या नावाने, आयुष परवान्यावर बनवलेलं आयुर्वेदिक औषध म्हणून मिळतं. १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. पानांच्या अर्काचा हा सगळा व्यवसाय त्या फटीतून उभा राहिलाय. वैद्यांची चिठ्ठी लागते. मला ती व्हिडिओ कॉलवर मिळाली, तीही इतक्या झटपट की रक्तदाबाची गोळी चालू आहे हे मलाच मधे तोंड घालून सांगावं लागलं.

खरेदी करताना एक गोष्ट नीट बघा. ‘हेम्प सीड ऑइल’ म्हणून जे मिळतं ते बियांचं तेल. २०२१मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, त्याला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. चटणीवर घ्यायला उत्तम, पण त्यात सीबीडी जवळपास नसतंच. बाटलीवर तेच हिरवं पान छापलेलं असतं आणि शेजारच्या काकू ते ‘सांधेदुखीवर’ म्हणून चोळत बसतात.

आता मुख्य मुद्दा, मिलिग्रॅमचा. माझ्या ३० मिलीच्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘१५०० मिग्रॅ’ लिहिलं होतं. हा आकडा पानांच्या अर्काचा होता, सीबीडीचा नव्हे. कंपनीला मेल करून बॅचचा तपासणी अहवाल मागवला, तेव्हा त्यात सीबीडी ७५० मिग्रॅ निघालं आणि थोडं टीएचसीही, म्हणजे नशा आणणारा घटक. म्हणजे एका मिलीत २५ मिग्रॅ सीबीडी. ड्रॉपर एक मिलीचा; सकाळी अर्धा, रात्री अर्धा असं घेतलं की दिवसाला २५ मिग्रॅ पोटात जातं आणि बाटली महिनाभर पुरते. किंमत साडेचार हजार.

हे २५ मिग्रॅ किती, ते ताडून बघा. सीबीडीचं ज्याच्याबद्दल खरोखर भक्कम पुरावा आहे असं औषध म्हणजे एपिडिओलेक्स. लहानपणी सुरू होणाऱ्या ड्रावे आणि लेनॉक्स-गॅस्टो या अवघड अपस्मारांसाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८मध्ये त्याला मंजुरी दिली. त्याचा नेहमीचा डोस वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० मिग्रॅ. माझं वजन साठ किलो, म्हणजे ६०० मिग्रॅ. माझी महिन्याची बाटली सव्वा दिवसात रिकामी! ब्राझीलमध्ये लोकांना भाषण करायला लावून भीती मोजली, त्यात ३०० मिग्रॅने फरक पडला. १५०ने नाही आणि ६००नेही नाही. त्या हिशेबाने बाटली अडीच दिवसांची. जाहिरातवाले दाखले देतात या डोसांचे आणि हातात देतात ड्रॉपर.

गुडघ्यांबाबत तर सरळ उत्तरच आहे. डेन्मार्कमध्ये हातांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसच्या आणि सोरायसिसच्या संधिवाताच्या रुग्णांना बारा आठवडे रोज २० ते ३० मिग्रॅ सीबीडी दिलं. वेदनेत प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा, फरक दिसला नाही. हात आणि गुडघे वेगळे, मान्य. पण डोस थेट माझाच होता. मी मात्र हे वाचलं दुसरी बाटली संपता संपता. जिना उतरताना जी कळ आधी येत होती तीच आजही येते. फिजिओथेरपिस्टने मांडीच्या स्नायूंचे व्यायाम दिलेत, त्यांनी जेवढं बरं वाटलं तेवढं या तेलाने कधीच वाटलं नाही.

झोपेचं सांगते. पहिले काही आठवडे काही नाही. नंतर मधली जाग कमी झाली, आणि जाग आली तरी पुन्हा डोळा लागू लागला. पण त्याच सुमारास मी दुपारचा चहा बंद केला होता आणि रात्रीचा मोबाइलही. शिवाय तेलात टीएचसी आहे, म्हणजे गुंगी सीबीडीची की त्याची, कोण सांगणार? मधे लेकीकडे सिंगापूरला गेले तेव्हा बाटली घरीच ठेवली. तिथे सीबीडीसुद्धा बेकायदा आहे, प्रिस्क्रिप्शन दाखवून सुटू या भ्रमात राहू नका. तिथे तेलाविना झोप लागली, जरा कच्ची.

चव गवताच्या काढ्यासारखी कडवट, वर तिळाचा वास. जिभेखाली मिनिटभर धरायचं म्हणतात, पण बरंचसं गिळलंच जातं. स्निग्ध जेवणानंतर घेतलं तर ते बरंच जास्त शोषलं जातं, म्हणून रोज एकाच पद्धतीने घ्या. मला सुरुवातीला पोट ढिलं झालं आणि तोंडाला कोरड पडायची. रात्रीचा डोस घेतल्यावर स्कूटरला हात लावत नाही.

यकृतातली जी एन्झाइम्स इतर औषधं पचवतात, त्यांच्या कामात सीबीडी अडथळा आणतं. आमच्या ह्यांना हृदयाच्या झडपेच्या शस्त्रक्रियेनंतर वॉर्फरिन ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू आहे. माझी झोप बघून त्यांनाही तेल हवं होतं. फॅमिली डॉक्टरांनी ठाम नकार दिला: सीबीडीमुळे वॉर्फरिनचं रक्तातलं प्रमाण वाढून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) वर जाऊ शकतो, म्हणजे रक्तस्रावाचा धोका. मोठ्या डोसवर यकृताची एन्झाइम्स वाढलेली आढळलीत, म्हणून मलाही त्यांनी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करायला लावली. ती नॉर्मल आली. चिठ्ठी देणाऱ्या वैद्यांनी यातलं अक्षरही काढलं नव्हतं.

अमेरिकेत २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑनलाइन विकत घेतलेली सीबीडीची ८४ उत्पादनं तपासली, तर जेमतेम ३१ टक्क्यांवरचं लेबल खरं निघालं. त्यामुळे बॅचचा अहवाल मागा. दिला नाही तर पुढे जा.

पुढची बाटली? सध्या नाही. हातातली संपेपर्यंत फक्त रात्रीचा अर्धा ड्रॉपर चालू ठेवलाय, आणि साडेचार हजारांत फिजिओच्या काही फेऱ्या सहज बसतात.