तरंगता तराफा: माल दणकट, पण सूचनांचा कागद कुठाय?

आम्ही वाशीत राहतो. चार कुटुंबांनी मिळून मुरबाडकडे थोडी जमीन घेतली, तिथे प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे. पोरांना पाण्याच्या मधोमध बसायला काहीतरी हवं होतं, म्हणून नोव्हेंबरात तुर्भे एमआयडीसीतल्या एका विक्रेत्याकडून प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा तराफा घेतला. सहा महिने वापरून लिहितेय.

मालाबद्दल तक्रार नाही. ठोकळे 50 सेंटीमीटर लांब-रुंद, 40 उंच. 24 ठोकळे जोडून 3 बाय 2 मीटरचा तराफा झाला. दोघांनी दुपारभरात जोडला. पिना अजून ढिल्या झालेल्या नाहीत, ऊन खाऊन रंगही उडाला नाही. चौरस मीटरला साधारण 350 किलो पेलतो असं सांगितलं होतं, ते खरं असावं. पण तो आकडा वजन सारखं पसरलेलं असतानाचा. सगळी पोरं एका कडेला जमली की तराफा तिकडे झुकतो. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, पाण्यात पडून कळलं.

जानेवारीत माझा अकरा वर्षांचा भाचा सूर मारून वर आला तो थेट तराफ्याखाली. मी काठावर होते. वर काहीच हललं नाही. मग कडेला त्याची बोटं दिसली, ठोकळ्याच्या गुळगुळीत अंगावरून सटकणारी. ओढून काढला. टेंगूळ आलं होतं, बाकी काही नाही. "मावशी, खाली नुसता अंधार होता, धरायलाच काही नव्हतं," म्हणाला. मला त्या रात्री झोप लागली नाही.

विक्रेत्याला फोन केला, तर उत्तर आलं, "बिलाच्या मागे छापलंय ना, जबाबदारी वापरणाऱ्याची." मला हे पटत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनाची जबाबदारी आहे, आणि वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचा इशारा न देणं त्यात येतं. पण मी स्वतःलाही सोडत नाही. तळं आमचं, तराफा आम्ही टाकला. उद्या कोणी पाहुणा बुडाला, तर "आपल्या जबाबदारीवर पोहा" ही पाटी निष्काळजीपणा झाकणार नाही. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात बोट उलटून 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, त्या बातम्या मी तेव्हा वाचल्या होत्या. आणि पाणी स्वतःचं नसेल, तर आधी मालकाची परवानगी: शहरातला तलाव असेल तर महापालिका, धरण असेल तर जलसंपदा विभाग.

आता कडेने चारही बाजूंना दोर ओवलाय, हाताला लागेल असा. तराफा जागेवर धरणाऱ्या नांगराला काँक्रीट नाही, वाळूची पोती, कागद फाटू नये म्हणून. काठावर गाठी मारलेला लांब दोर कायम सोडलेला असतो, कारण ओल्या कागदावरून मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. नोव्हेंबरात तराफ्याखाली 3 मीटर पाणी होतं, एप्रिलमध्ये निम्मं. खांबावर लाल खूण केली. पाणी तिच्याखाली गेलं की सूर बंद.

मालाला पाचपैकी चार, विक्रीनंतरच्या सेवेला एक. शेजारच्या शेतवाल्यांनी विचारलं तेव्हा दुकानाचा पत्ता दिला, आणि सोबत वरच्या सगळ्या सूचना वहीच्या पानावर लिहून दिल्या.