वेस्टर्ली सेंटॉर: २६ फुटी जुनी शिडाची बोट घ्यावी का?

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला राहणाऱ्या आपल्या मंडळींना वाटतं की बोट म्हणजे बड्या लोकांचं काम, पण इथे सेकंडहँड शिडाची बोट जुन्या कारच्या किमतीत मिळते आणि त्यातली सगळ्यात भरवशाची कुठली विचाराल तर माझं उत्तर वेस्टर्ली कंपनीची सेंटॉर. मी आणि माझ्या मेहुण्याने मिळून घेतलीये, त्याआधी बऱ्याच बघितल्या, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ही बोट १९६९ पासून १९८० पर्यंत बनत होती, पोर्ट्समथजवळच्या वॉटरलूव्हिलला, डिझाइन बोटींचे डिझायनर लॉरेंट जाइल्स यांच्या ऑफिसचं, आणि दोन हजारांच्या वर बनल्या त्यामुळे आजही विकायला कायम चार-दोन असतातच. मी बघितल्या त्या जाहिरातीत भाव तीन हजार पाउंडांपासून आठ हजारांपर्यंत होते. पन्नास वर्षं जुनं फायबर म्हणून घाबरू नका, त्या काळी फायबर जाड घालायचे, बॉडी दणकट आहे.

खरी गंमत तळाला आहे. बहुतेक शिडाच्या बोटींना मधोमध एकच खोल कील (तळाखाली उतरलेलं जड पातं, बोट उलटू नये म्हणून) असते, हिला दोन्ही बाजूंना एकेक अशा दोन, लोखंडी, आणि बोट पाण्यात जेमतेम तीन फूट बुडते. त्यामुळे ओहोटीला पाणी गेलं की ही गाळावर सरळ उभी राहते! आपल्याकडे कोकणात खाडीला ओहोटीच्या वेळी होड्या कशा कलंडून पडलेल्या दिसतात, ती भानगड इथे नाही, आत बसून निवांत चहा करा. आणि याचा थेट पैशाशी संबंध आहे, कारण मरीनात (बोटी लावायचा भाड्याचा धक्का) जागा घेतली तर तिचं वर्षाचं भाडंच बोटीच्या किमतीएवढं होऊ शकतं, पण चिचेस्टर हार्बरसारख्या ठिकाणी ओहोटीला कोरडी पडणारी गाळातली जागा त्यामानाने खूपच स्वस्त पडते. फक्त निघायच्या आणि परतायच्या वेळा भरती ठरवते, तुम्ही नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

पण याच दोन कीलमध्ये हिचं दुखणं पण आहे. वर्षानुवर्षं गाळावर बसून उठून कील बाहेरच्या बाजूला फाकायला बघतात आणि जिथे त्या बॉडीला बोल्टने जोडल्यात तिथलं फायबर वाकतं. म्हणून बघायला गेलात की आधी केबिनमधल्या फळ्या उचला, खाली टॉर्च मारा, कीलच्या वरच्या भागात बारीक तडे किंवा गंजाचे ओघळ दिसतात का बघा. काही मालकांनी तिथे आडव्या पट्ट्या टाकून वरून फायबर चढवून मजबुतीकरण करून घेतलेलं असतं, आमच्या बोटीत ते आधीच झालेलं होतं आणि तेवढ्यासाठी आम्ही पाचशे पाउंड जास्त आनंदाने दिले. रंग, गाद्या, पडदे याला अजिबात भुलू नका.

दुसरं इंजिन. मूळचं असेल तर व्होल्वो पेंटाचं दोन सिलिंडरचं डिझेल, समुद्राच्याच पाण्याने थंड होणारं, म्हणजे आतून मीठ खात आलेलं, आणि पार्ट महाग. नवीन बसवायचं तर अख्ख्या बोटीपेक्षा जास्त खर्च. मालकाला आधीच सांगून ठेवायचं की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, पोचल्यावर हात लावून बघायचं आणि थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला लावायचं, कारण गरम इंजिन सहज सुरू होतं, दुखणं थंड असतानाच कळतं. एका एजंटने जाहिरातीत इंजिन एक नंबर असं लिहिलं होतं, आम्ही गेलो तर इंजिन आधीच गरम! विचारलं तर धड उत्तर नाही, तिथूनच परत फिरलो.

सर्व्हेयर (घ्यायच्या आधी बोट तपासून देणारा माणूस) मात्र स्वतःचा आणा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. आमच्या सर्व्हेयर बाईंनी बोट जमिनीवर घ्यायला लावली आणि नारळ वाजवून बघतात तसं छोट्या हातोडीने तळ वाजवत गेल्या, टणटण आवाज म्हणजे ठीक, भद्द आवाज आला की तिथे खडूने खूण. पाणी आत येण्याजाण्याचे जे व्हॉल्व असतात ते खरवडून बघितले, पितळ आतून गुलाबी दिसलं की त्यातलं जस्त गेलंय, कधीही तुटेल, आणि असा एक व्हॉल्व तुटला तर बोट बुडू शकते. दोन बदलावे लागले, तेवढे पैसे किमतीतून कमी करून घेतले. डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या त्याचं बिल पण मागाच, दहापंधरा वर्षांच्या वर गेल्या असतील तर इन्शुरन्सवाले कटकट करतात.

चालवायला कशी? वाऱ्याच्या तोंडावर जायला मंद, बाजूला सरकते, यात दुमत नाही. रेस लावायची असेल तर ही घेऊच नका. पण वारा आडवा मिळाला की पाच नॉटला (ताशी साधारण नऊ किलोमीटर) मस्त स्थिर चालते, पहिल्यांदा आलेली माणसंही फारशी घाबरत नाहीत. आत मी पावणेसहा फूट सरळ उभा राहतो, चारजण नीट झोपतात, स्टोव्हवर पोहे होतात. छताचं आतलं अस्तर गोंद सुटून लोंबणं आणि खिडक्या गळणं हे या वयाच्या सेंटॉरमध्ये धरूनच चाला, दोन्ही स्वतःच्या हाताने करता येण्यासारखी कामं आहेत. वेस्टर्ली मालकांची असोसिएशन पण आहे, तिथे माहिती खूप मिळते.

याच पैशात जुनी मोटर यॉट (शिडाशिवाय, बऱ्याचदा दोन इंजिनांवर चालणारी बोट) पण दिसेल, दिसायला जास्त भारी. माझं मत नको. दोन इंजिनं म्हणजे दुखणी दुप्पट आणि डिझेलचा खर्च बघून बोट बांधूनच राहते.

घ्यायचीच असेल तर ऑक्टोबर नोव्हेंबरमध्ये बघायला लागा, हिवाळ्यात बोट ठेवायचं भाडं वाचवायला मालक भाव कमी करतात. मार्चमध्ये ऊन पडलं की तीच बोट हजार पाउंडांनी वर जाते.