‘मायलिन रिपेअर’ कॅप्सूल: ताईला महिनाभर दिल्या, त्यानंतर लिहितोय

एकच स्टार देतोय, तोसुद्धा डब्यावर बायोटिनचा (हे एक बी-व्हिटॅमिन) आकडा स्पष्ट छापला होता म्हणून, कारण पुढे त्या आकड्यामुळेच आम्ही वाचलो. कंपनीचं नाव लिहीत नाही, असे डबे आता दहा नावांनी मिळतात आणि मला जे सांगायचंय ते सगळ्यांना सारखंच लागू आहे.

माझ्या ताईला एमएस आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस, यात मज्जातंतूवरचं मायलिन नावाचं आवरण खराब होतं. चार वर्षांपूर्वी डाव्या डोळ्याला ऑप्टिक न्यूरायटिस झालं, म्हणजे डोळ्याच्या नसेला सूज, डोळा हलवला की दुखायचा आणि लाल रंग विटकरी दिसायचा. स्टेरॉइडचं सलाइन लागलं, नजर बरीच परत आली, पण रांगोळीत रंग भरताना ती अजूनही डावा डोळा मिटून घेते. ते बघितलं की माझा जीव कळवळतो, मग रात्री मोबाइलवर शोधत बसायचं, तसंच शोधताना ही जाहिरात दिसली, ‘मायलिन पुन्हा तयार करा’, 60 कॅप्सूल 1,499 रुपये. दोन डबे मागवले. ताई नको म्हणत होती, मीच म्हटलं अगं घेऊन तर बघ.

आत काय, तर बायोटिन 10 मिलिग्रॅम, थोडं मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी-ट्वेल्व्ह) आणि काही झाडपाल्याचे अर्क. दिवसाला दोन. महिन्यात ताईला काही फरक जाणवला नाही, चांगला नाही की वाईट नाही. पण नेहमीच्या रक्ततपासणीत टीएसएच एकदम खाली आणि टी-फोर वर आला, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतंय असा रिपोर्ट. घरात नवीन टेन्शन. डॉक्टर मॅडमनी औषध लिहायच्या आधी विचारलं की वरून काही घेताय का, मी डब्याचा फोटो दाखवला आणि त्या लगेच म्हणाल्या, हे आधी बंद करा. बऱ्याच लॅबच्या थायरॉइड टेस्टमध्ये बायोटिनचाच वापर असतो, त्यामुळे रक्तात ते जास्त असलं की आकडे खोटे येतात. दोन आठवड्यांनी परत टेस्ट केली, सगळं नॉर्मल! हार्ट अटॅक ओळखायची ट्रोपोनिनची टेस्टसुद्धा यामुळे चुकीची कमी येऊ शकते, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 2017 मध्ये तसा इशारा दिला होता. डब्यावर याबद्दल एक अक्षर नाही, माझा सगळ्यात मोठा राग त्याचाच आहे.

आता कोणी म्हणेल की बायोटिनवर संशोधन झालंय. झालंय ना, पण पूर्ण वाचा. रोज 300 मिलिग्रॅम देऊन फ्रान्समध्ये 154 पेशंटवर ट्रायल झाली, 2016 मध्ये रिझल्ट आले, तेव्हा आशा वाटली होती. मग 642 पेशंटवर मोठी ट्रायल झाली, 2020 मध्ये छापून आली, त्यात बायोटिनवाले 12 टक्के सुधारले आणि नुसती खोटी गोळी घेणारे 9 टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाहीच. आणि आमच्या डब्यातला डोस तर त्याच्या पंधराव्या हिश्श्याचा. बी-ट्वेल्व्हचं वेगळं आहे, ते खरंच कमी असेल तर मायलिन खराब होतं आणि भरून काढायलाच हवं, पण त्यासाठी साधी स्वस्त गोळी डॉक्टर देतातच.

खरं रिपेअरचं काम कुठे चाललंय ते मी नंतर वाचलं, आधी वाचायला हवं होतं. मायलिन म्हणजे मज्जातंतूवरचं आवरण, मेंदूतल्या ऑलिगोडेंड्रोसाइट नावाच्या पेशी आपला पातळ पापुद्रा तंतूभोवती सुरळीच्या वडीसारखा गुंडाळत जातात. एमएसमध्ये ते आवरण जातं, नवीन पेशी त्या जागी असतात पण बऱ्याचदा कच्च्याच राहतात, गुंडाळायला घेतच नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जोना चॅन या न्यूरोसायंटिस्टच्या टीमने काय केलं, तर खऱ्या तंतूंऐवजी काचेसारख्या पदार्थाचे अगदी बारीक शंकू उभे केले आणि त्यावर या पेशी सोडल्या. पेशीने शंकूला वेटोळं घातलं की वरून मायक्रोस्कोपमध्ये गोल कडं दिसतं. कडी मोजायची बस, म्हणजे शेकडो औषधं भराभर तपासता येतात. 2014 मध्ये हे छापलं, त्यात क्लेमास्टिन पुढे आलं, सर्दी-अ‍ॅलर्जीचं जुनं औषध!

मग त्याच विद्यापीठात अ‍ॅरी ग्रीन या न्यूरॉलॉजिस्टसोबत 50 पेशंटवर ट्रायल झाली, 2017 मध्ये रिझल्ट छापला. मोजमाप व्हीईपीने. ताईची ती टेस्ट मी शेजारी बसून पाहिलीय, डोक्यामागे जेल लावून वायरी चिकटवतात, एक डोळा झाकतात, समोर बुद्धिबळाच्या पटासारखे काळेपांढरे चौकोन सारखे उलटे होत राहतात आणि डोळ्यातला सिग्नल मेंदूच्या मागच्या भागात किती वेळात पोचतो ते मोजतात. साधारण 100 मिलिसेकंद लागतात, ताईच्या डाव्या डोळ्याला 127. ट्रायलमधल्या पेशंटचा असा उशीर क्लेमास्टिनने सरासरी 1.7 मिलिसेकंदाने कमी झाला. एवढंसंच, पण जुनं नुकसानसुद्धा थोडं भरून येऊ शकतं हे माणसात दिसलं, मला तर ते वाचून भरून आलं.

म्हणून उद्या मेडिकलमध्ये जाऊन क्लेमास्टिन मागू नका हं. त्याने झोप आणि थकवा वाढतो, आणि अमेरिकेतल्या एका छोट्या ट्रायलमध्ये वाढत जाणाऱ्या एमएसच्या काही पेशंटची तब्येत उलट बिघडली म्हणून ते देणं थांबवावं लागलं. 2025 मध्ये केंब्रिजच्या टीमने मेटफॉर्मिन (डायबेटिसचं औषध) आणि क्लेमास्टिन एकत्र देऊन 70 जणांवरचा रिझल्ट सांगितला, सिग्नल थोडा सुधारला पण अपंगत्वात फरक नाही. जे लोक वर्षानुवर्षं यावर काम करतायत ते स्वतः इतकं जपून बोलतात आणि डबेवाला ‘30 दिवसांत’ लिहितो.

ज्यांनी असं काही घेतलंय त्यांनी पुढच्या ब्लड टेस्टच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना नक्की सांगा, लपवू नका, लाजू नका. आणि एमएसची चालू औषधं कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, ती नवीन नुकसान थांबवतात, ते काम या कॅप्सूल करत नाहीत.

दुसरा डबा सीलबंद होता, तीन फोन केल्यावर त्याचे पैसे परत आले. त्यात ताईच्या फिजिओची दोन सेशन झाली, आता ती जिन्याच्या चार पायऱ्या कठडा न धरता चढते.